टाइप सी

अर्जात रकाना होता : घरात माणसं किती.
यांनी पाच लिहिलं.
मी पेन ओढून घेतलं, पाच खोडलं, सहा केलं.
खाडाखोडीवर सही लागते म्हणाले,
म्हणून तिथंही सही केली.

सातवं पोटात होतं. पोटातलं धरत नाहीत.
चावडासाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले,
"जन्मनो दाखलो लावो, पछी जोईशुं."
मग बोट सहाव्या नावावर.
"आ छोकरी कोनी?"
आमची, म्हटलं.
"एम नहि बेन. कागळ पर कोनी?"

कागदावर रेवती
डभोईच्या एका माणसाची आहे.
तो दिवाळीला फोन करतो,
तोही एखाद्या दिवाळीला.
नणंद गेली त्या आठवड्यात
ती आमच्याकडे आली, दप्तर आणि एक उशी घेऊन.
उशी ठेवायला जागा नव्हती,
ती ठेवली, मग जागा झाली.

रावपुऱ्यात नोटरी, स्टँप, दोन साक्षीदार.
साक्षीदारांना शेवउसळ खाऊ घातली.

तपासनीस आला सकाळी सातला, नळाच्या वेळेला.
हे ड्युटीवर, दुसऱ्यांच्या गल्लीचा वॉल्व उघडत होते.
आत उभं राहायला जमेना,
उंबऱ्यातूनच त्यानं मोजलं :
मोरीवरच्या पेल्यात ब्रश सहा.
"हा एवढा मोठा कोणाचा?"
बाबांच्या कवळीचा.
"हा धरता येतो का?" मीच विचारलं.
तो हसला. लिहून घेतलं. सहा.

दहा बाय बारा.
पाण्याच्या टाकीच्या सावलीत, म्हणून पापड कधी वाळले नाहीत.
रात्री कूस बदलायची तर ओळीनं बदलायची,
भिंतीपासून सुरू करून दारापर्यंत.
भांडणं केली ती कानात.
"मर जा" सुद्धा कानात.
बाकीचंही कानातच,
आणि बाबा खोकले की तेवढ्यावर थांबलेलं.

नंतर साहेब बदलले. फाइल हरवली, सापडली.
विश्वामित्री एकदा चढली, तेव्हा रेकॉर्ड रूम भिजली
आणि मगर निघाली म्हणे मागच्या गटारात.
मला मगरीचं काही नव्हतं,
मला फाइलीचं होतं.

पत्र आलं तेव्हा पोटातलं
टेबल धरून चालत होतं.
तरसाली, तिसरा मजला, टाइप सी.
धैर्यशील म्हणाला, "म्हणजे चार्जर?"
यांनी त्याला टपली मारली आणि
मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

सामान एका छोट्या हत्तीत मावलं.
एवढ्याशा सामानानं
इतकी वर्षं आम्हाला अंग चोरायला लावलं होतं.
बाबा पुढे बसले, गॅसचा रेग्युलेटर खिशात धरून.

इथं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वाऱ्याला दोन्हीकडून वाट.
तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही,
वॉल्वमनच्या घरी पाणी चढत नाही,
शेजारीण हसते, मीही हसते, बादल्या खालून आणते.
पापड पहिल्याच दिवशी वाळले.

तिथं प्रत्येकाचा एक खिळा होता,
दारामागे, उंचीप्रमाणे.
इथल्या भिंती नुकत्या रंगवलेल्या, कोऱ्या.
रेवतीनं निजायचं कुठं ते विचारलं नाही.
ओळखपत्र हातात घेऊन फिरत राहिली
या खोलीतून त्या खोलीत, आणि शेवटी :
"मामी, माझा खिळा कुठला?"

हातोडी सापडेना. वरवंट्यानं ठोकला.
पोपडा निघाला थोडा,
चावडासाहेब बघतील तेव्हा बघतील.

पोरं तिघं पलीकडे, बाबा पलीकडे,
तान्हं तेवढं आमच्यात.
यांनी दार लावलं, कडी घातली.
कडी एवढ्या जोरात वाजली
की दोघंही दचकून दाराकडे बघत राहिलो,
कोणी खोकतंय का म्हणून.

मग कानाशी येऊन हे म्हणाले, "झोपलीस?"
मीही कानाशीच, "नाही."
"मग हळू का बोलतेस?"
हळूच विचारलं त्यांनी.