नावेचा वाटा

बंधाऱ्याचं पाणी सोडलं त्या मे महिन्यात
हरिपूरच्या संगमाखाली गाळातून
आधी तीन फासळ्या वर आल्या.
कुणाला वाटलं, म्हैस आहे.
गजाप्पा अंबी छातीभर पाण्यात उतरला,
म्हणाला, सागवान हाय, आनि खाली भांडी वाजत्यात.

हळदीच्या पेठेला निघालेली नाव. कधी बुडाली?
कुणी म्हणे प्लेगच्या आदल्या साली,
कुणी म्हणे त्याच्याही आधी.
हळद नदीनं कधीच खाल्ली.
तांबं राहिलं: हंडे, घंगाळी, एक बिनकानाची परात,
हिरवीगार, शेवाळ्याचीच घडवल्यासारखी.

तलाठ्याला कळायच्या आत माल माझ्या दुकानात.
दस्तगीर शिकलगार, मोड आणि जुनी भांडी.
एक्केचाळीस किलो. गाळ खरवडून अडतीस.
ती तीन किलो नदी मी दारातच टाकली.

मग वाटण्या.
बुडी मारणाऱ्याला दोन, दोरी धरणाऱ्याला एक.
बाबगोंडाचा ट्रॅक्टर, त्याला दीड,
डिझेल वर वेगळं, त्यावरनं शिव्या.
काठ ज्याच्या वहिवाटीचा, तो अर्ध्यावर आला.
देवळाचा अर्धा कुणी मागितलाच नव्हता,
म्हणून त्यावर भांडण झालं नाही.
मी काट्याचे पन्नास कापले.

गजाप्पाची चुलती, तायव्वा,
पायरीवर तंबाखू मळत बसलेली. म्हणाली,
"आनि नावंचा?"

मासळी असो, वाळू असो, उतारू असो,
नावेला एक वाटा, तिच्या सासऱ्याच्या सासऱ्यापासून.
"इतकी वर्सं धरून कुनी ठेवलं?
तुमी तर सकाळी आलासा."

बाबगोंडानं खिशातल्या नोटा बाहेर काढल्या,
पुन्हा मोजल्या. मग सगळ्यांनीच.
नावेच्या नावावर दोन हजार सहाशे निघाले.
द्यायचे कुणाला? फासळ्या तर तोवर
कुणाच्या तरी चुलीत गेल्या होत्या.
मीच ठेवले, पत्र्याच्या डब्यात,
वर पाच किलोचं माप.

पुढल्या पुरात नदी दुकानात आली,
पाच दिवस राहिली.
डबा सापडला मोडीच्या ढिगाखाली, गाळात.
एकेक नोट सोडवून दोरीवर वाळत घातली,
बायकोचे चिमटे लावून.

आता बुडालेलं मी वर काढलं,
म्हणजे रिवाजानं एक वाटा माझा.
डब्याचाही बसत असणार.
विचारायला तायव्वाकडं गेलो, दाराला कुलूप.
छावणीत नेली होती, शेजारीण म्हणाली,
अजून आली नाही.

नोटा आहेत तशाच.
कडक झाल्यात, दुमडत नाहीत.