काढणे

बाळीवेशीमागच्या मठात, मार्चच्या दुपारी,
परांच्यावर उताणी पडून
मी थर काढते.

सगळ्यात वर डिस्टेंपर, बिस्किटाच्या रंगाचा,
कुणाच्या तरी बंगल्यातून उरलेला, दान आलेला.
खाली निळीचा चुना. मग नुसता चुना.
मग समयांची काजळी, हाताला तेलकट.
पुन्हा चुना, पुन्हा चुना,
दर गड्ड्याच्या आधी एक हात,
भक्तीने.

सातव्या-आठव्याच्या मधे कोळशाने लिहिलंय :
चुना दोन पाट्या, डिंक अर्धा शेर,
मजुरी बाकी.
त्याचा फोटो काढला.
मग तोही काढला.
कुणाची मजुरी, कुणाकडे बाकी,
मला आता विचारता येणार नाही.

अकराव्याखाली एक हात आला.
गेरूचा, कोपरापासून. बोटांत कमळाचा देठ.
पुढचे सहा दिवस कापसाचे बोळे,
डाळीएवढी डाळीएवढी जागा :
खांदा, पुतळ्यांची माळ, कानातलं अर्धं झुबं.
आणि तोंड असायचं तिथे
पंख्याचा हूक.

अंबय्या गुर्रम खाली चुना मळतो.
गिरणीच्या रंगखात्यात एकतीस वर्षं काढली त्याने,
गिरणी गेली, नखांतला रंग राहिला.
मी सांडलेला कण नखावर घेतो, उजेडाकडे धरतो :
‘निळं नाही हे लुगडं. हिरवं होतं.
पिवळा कच्चा होता, उडून गेला.
नीळ तेवढी टिकली.’
माझ्या प्रयोगशाळेचा अहवाल
नऊ दिवसांनी आला. तेच म्हणाला.

मडिवाळप्पा हत्तुरे, पंच कमिटीचे,
सोबत कॅलेंडर घेऊन आले.
‘म्याडम, तोंड काढून टाका की. हे बघा, असं.
बिनतोंडाची बाई लोकांना काय म्हणून दाखवू?’

आमच्या धंद्यात हा एकच शब्द नडतो.
काढणं म्हणजे रेखणं,
काढणं म्हणजे खरवडून टाकणं,
आणि जगणंही काढायचंच असतं, दिवस दिवस.
मी म्हटलं, जिथे रंग गेलाय तिथे
केसाएवढ्या उभ्या रेघा भरते, पाण्याने पुसता येतील अशा.
खालून रंग दिसेल, जवळून रेघा.
माझा हात कुणाला त्याचा वाटू नये.
पण नाक कसं होतं, मला माहीत नाही.
माहीत नाही ते मी काढणार नाही.

‘मग फी कशाची?’ म्हणाले,
आणि कॅलेंडर परांच्याच्या बांबूला अडकवून गेले.

संध्याकाळी अंबय्या पहिल्यांदाच वर चढला.
रेघांपाशी डोळा नेला. बराच वेळ श्वास धरला.
‘ताणा लावलाय तुम्ही,’ म्हणाला. ‘बाणा नाहीच.’
आणि उतरून चुन्यावर ओलं पोतं टाकायला गेला.
ते कौतुक होतं की खोट काढली,
अजून कळलेलं नाही.

सोमवारी हत्तुरे खालूनच ओरडले.
पायात चप्पल नव्हती, मान पूर्ण मागे,
एक हात टोपीवर :
‘तोंड राहू द्या, म्याडम!
हूक तेवढा काढा.
बाईमाणसाच्या तोंडातून पंखा टांगला होता की ओ आम्ही...’

हूक काढायला दोन तास लागले.
भोकातून चिमूटभर माती गळली,
थेट माझ्या चष्म्यावर.
मी तो लगेच पुसला नाही.