पाणसळ

तळघराचा कोबा दारापासून भट्टीकडे उतरतो,
मध्येच विचार बदलल्यासारखा चढतो,
पुन्हा उतरतो.
लहानपणी आम्ही बरणीचं झाकण उभं धरून सोडायचो,
कुठे कलंडेल यावर पैजा.
तातो म्हणायचे, यॉर्कटनची माती चिकण,
पाणी प्यायली की फुगते, थंडीत आखडते;
हिच्यावर घर म्हणजे
बसलेल्या गाईच्या पाठीवर ठेवलेलं ताट.

ते गेले. घर माझ्या नावावर झालं.
मी सहा फुटी पाणसळ भाड्याने आणली,
गुडघ्यांना रबर बांधलं,
आणि बुडबुडा जिथे जिथे पळाला
तिथे तिथे खडूने लिहीत गेले:
तीन मिलिमीटर. आठ. अकरा.
भट्टीपाशी एकवीस.

उंचवटा घासायला घेतला.
दिवा पिठात पडल्यासारखा दिसेना.
धूळ बसली तेव्हा दिसला
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला सांधा:
अलीकडचं सिमेंट करडं,
पलीकडचं निळसर.
एका दिवसाचं कामच नव्हतं ते.

स्तेफाकाकूला फोन केला.
ती म्हणाली, दुपारी भांडले दोघे भाऊ,
कशावरून ते आता देवालाही आठवत नसेल.
झेनॉन थापी टाकून निघाला.
मिक्सर आमचा, तो ट्रकला बांधून नेला.
उरलेलं तुझ्या बापाने महिन्याने ओतलं,
एकट्याने, घमेल्यात कालवून.
मातीचं काय घेऊन बसलीस, दार्का.

चिरा खरवडल्या, भरल्या. प्रायमर मारलं.
शेजारचा रॉमेल कालवायला आला.
वीस मिनिटं असतात हातात,
मग ते कोणाचं ऐकत नाही.
काट्यांचे बूट घालून आम्ही त्या राखाडी ताकात उभे,
आणि ते आपलं आपण
खोलगट जागा शोधत निघालं.
मोरीच्या जाळीभोवती फळी लावून
उतार तेवढा राखला;
सगळंच सपाट केलं तर
पाण्याने जायचं कुठून?

दुसऱ्या दिवशी मोज्यांवर चालून पाहिलं.
पाऊल अजून जुना खड्डा धरून
बोटभर खाली चाचपत होतं.

मग तातोंचं लांब टेबल
भट्टीपाशी जागेवर आणलं.
ते डुलायला लागलं.
उलटं केलं. चार पाय, चार उंचीचे.
आतल्या बाजूला सुतारी पेन्सिलीने,
इंचांच्या देशात हट्टाने मिलिमीटरमध्ये:
तीन. आठ. अकरा.
वीस.

म्हणजे पन्नास वर्षांत
मिलिमीटरभर माती खरंच हलली होती.

मी रिकाम्या गोणीचा कागद दुमडला,
पुन्हा दुमडला,
आखूड पायाखाली सारला.
करवत हाताशी होती.

कोबा नीट करणं त्यांना येत होतं.
मिक्सर मागायला जाणं
तेवढं जमलं नाही.