बाजारबुणगे

दिवसभर मी दात करते.
ठाकुरद्वारच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
कुणाची दाढ, कुणाचा सुळा,
कुणा नवरदेवाचा ऐन हळदीला पडलेला पुढचा.
सातला पोरं गेली, की त्याच भट्टीवर
कथील वितळवते
आणि साच्यात माणूस ओतते.
टाचेपासून डोळ्यांपर्यंत अठ्ठावीस मिलिमीटर.
पगडी हिशेबात धरत नाहीत.

सुरुवात चोर बाजारातल्या एका लंगड्या शिपायाने झाली.
शिशाचा, लाल कोट, बंदूक अर्धी.
वीस म्हणाला, बाराला दिला.
मी त्याला पाय लावला, दाताच्या तारेचा.
उभा राहिला, आणि लगेच
समोर कुणीतरी हवं झालं.

बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कचेरीत
साहेबाने पुडकं फाडलं,
चाळीस फ्रेंच तळहातावर घेतले, बिनरंगाचे.
"खेळणी? मुलाचं वय?"
"एक्कावन्न," म्हटलं, "आणि मूल मीच."
त्याने दोनदा पाहिलं, मग शिक्का मारला.
त्यातल्या बावीस जणांची डोकी मी त्याच रात्री उडवली,
बारीक करवतीने, मानेची शीर सांभाळत,
आणि नवी बसवली, मिशीवाली.
असे गारदी झाले माझे.

अकरा वर्षं.
वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती,
भांड्यांच्या घासणीची झाडी,
नदी कवळीच्या रेझिनची, तिच्यात एक बुडबुडा राहिला,
तो मासा समजावा.
हिरड्यांचा गुलाबी रंग उरला होता,
तो एका सरदाराच्या तंबूला दिला.

चारशेवा शिपाई रंगवून झाला
त्या रात्री हात धुताना वाटलं,
हे जेवतात कुठे?

पाणक्या कुठल्याच कारखान्यात मिळत नाही.
बंदूकवाला मिळतो, भालेवाला, तोफ डागणारा,
पडलेलासुद्धा मिळतो, सहाच्या पाकिटात.
म्हणून स्वतः कोरले, दातांच्याच मेणात:
मशकवाला भिस्ती,
लोहार, न्हावी,
दोन बैल, एक बसलेला,
भाकऱ्या थापणारी बाई
आणि एक पोरगं, त्याच्या हातात काय द्यावं
ते अजून ठरत नाही.
आपल्या भाषेत ही शिवीच आहे, बाजारबुणगे.
लढाई हरली की ती यांच्यामुळे.
जिंकली त्या बखरीत यांना ओळ नाही.

रविवारी ताडदेवला, मर्झबान भेसानियाच्या जेवणाच्या टेबलावर
त्याची घोडी डावीकडून आली.
स्टीलच्या वाटीत फासा खणखणला. सहा.
"आ सू छे? हे कोण मधेच?"
"बुणगे."
"पॉइंट?"
"तुझ्या वहीत शून्य."
"मग घोडे वरून जाणार."
शिंप्याची टेप लावली त्याने. बारा इंच.
भाकऱ्या थापणारीच्या पाठीपर्यंत, नेमके.

घोडा चिमटीत धरून तो वाकला,
चष्मा कपाळावर चढवला.
"बांगड्या तू काढल्यास हिच्या?"
"नऊ. एका केसाच्या कुंचल्याने.
दहावी काढताना शिंक आली."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
वर पंखा फिरत होता, माझ्या ध्वजांचे कागद थरथरत होते.
मग घोडा परत ठेवला,
आधीच्या जागी नाही, थोडा बाजूला,
आणि म्हणाला, चाय घेऊ.

लढाई तशीच राहिली. टेबलावर चादर टाकली.
आठवडाभर तो उभ्याने जेवला असणार.

पुढच्या रविवारी वही उघडली
तर निळ्या बॉलपेनने, त्याच्या तिरक्या अक्षरात, नवा नियम:
पाणक्या सहा इंचांत असेल
तर तुकडी एक पाळी जास्त तग धरते.
खाली: भाकरी असेल तर दोन.

मी वाचलं, परत वाचलं.
"आणि न्हावी?" विचारलं.
फासा हलवत तो म्हणाला,
न्हाव्याचं बघू.