पाव आटा

देवळाली कॅम्पात, आलूबाईंच्या बंगल्यामागं
शेवग्याखाली उभी होती अकरा वर्षं.
स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची, सदुसष्टची.
बॉनेटखाली गांधीलमाश्यांचं पोळं,
मागच्या सीटवर कोंबडी, उबवायला बसलेली.
"पिल्लं निघू दे, मग घेऊन जा," आलूबाई म्हणाल्या.
पैसे मात्र तेव्हाच मोजून घेतले. दोनदा.

टेम्पोवर चढवून आणताना, द्वारकेच्या सिग्नलला
एक रिक्षावाला वाकून म्हणाला,
"काका, ॲव्हरेज काय देते?"
तेव्हा तिला चाकंही धड चार नव्हती.

मंदाकिनीनं दुधाच्या वहीत मागून पान उघडलं.
मथळा : सवत.
खाली ब्रेकचे सिलिंडर, काचेचं रबर,
कार्बोरेटर (पुन्हा), टेम्पोवाल्याचा चहा.
महिनाअखेर लाल पेनानं बेरीज.
टोमणा एकही नाही. बेरीज पुरेशी होती.

मी सातपूरला टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली.
केसाच्या दहाव्या भागासाठी
चांगले चांगले जॉब परत पाठवले.
वाटायचं, लोखंड आपल्याला कळतं.
पण डाव्या मडगार्डचा पोचा
माझ्या कुठल्याच गेजला दाद देईना.
डेंटर म्हणाला, "लांबी भरू, घासू, रंग मारू,
कोणाला कळणारंय?"

मला.

मग माळ्यावरून दादांची पेटी उतरवली.
तांबट आळीतली. सात हातोड्या,
दांड्यांवर त्यांच्या अंगठ्याचे खळगे.
त्या ठक-ठकीची शाळेत असताना लाज वाटायची,
म्हणून तर आयटीआयला पळालो होतो.
दादा सांगायचे, पोचा ज्या वाटेनं आत गेला
त्याच वाटेनं त्याला माघारी आणायचा.
घाई केलीस तर पत्रा ताणतो,
आणि ताणलेला पत्रा जन्मभर डबडबतो.
नऊ रविवार ठोकत बसलो.
शेजारच्या खैरनारांनी खिडकी बंद केली, मग उघडली,
मग खुर्चीच घेऊन आले.
दहाव्या रविवारी डोळे मिटून हात फिरवला,
बोट कुठंच अडलं नाही.
दादा असते तर म्हणाले असते,
पितळ असतं तर झळाळी आली असती.

स्पीडोमीटर मालेगावच्या भंगारातून आला,
शफीकभाईंनी उर्दू वर्तमानपत्रात बांधून दिलेला.
साठाच्या पुढं काटा थरथरतो.
मीही पंचेचाळिसाच्या पुढं जात नाही.
जमलं आमचं.

रंग तोच, कच्च्या कैरीच्या आतला.
आलूबाईंना पुढं बसवलं, काठीसकट,
आणि भगूरच्या रस्त्याला लागलो.
इंजिन शिवणयंत्रासारखं चाललेलं.
मी वाट बघत होतो.
एक शब्द नाही.
परत फाटकाशी आल्यावर म्हणाल्या,
"डिकरा, गाडी सरस केलीस. पण ए माझी नाय."
मग काठीनं दाराला टोचलं.
"माझीचं दार वाजायचं.
रुस्तम बोलायचा नाय ना गाडी चालवताना.
दार बोलायचं."

बिल होतं माझ्याकडं त्या दाराचं.
नवी बिजागरी, नवं रबर, नवे चार स्क्रू,
आवाज बंद केल्याचे अठराशे रुपये.

रात्री स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली उतरलो.
खालचा स्क्रू, पाव आटा सैल.
गाडी कॉलनीभर फिरवली. गप्प.
अजून पाव. आता वाजलं,
पण चमच्यासारखं, परकं.
एकतीस वर्षांत कोणी मला
सैल किती, याचं ड्रॉइंग दिलं नव्हतं.

आता दर रविवारी देवळाली.
आलूबाई डोळे मिटून ऐकतात, मान हलवतात.
"नाय. जरा खालून येत होता आवाज."
मी रस्त्याच्या कडेला थांबतो, उतरतो,
गुडघे कुरकुरतात,
आणि त्या पटकन म्हणतात, "हां! काय वाजलं ते?"

वहीत सवतीच्या पानावर नवीन नोंद आहे :
स्क्रू सैल करणे, रुपये शून्य.
त्याखाली पेट्रोल.
त्याखाली, मंदाकिनीच्याच अक्षरात,
पुढच्या रविवारी मी पण.
मागची सीट पुसून ठेवणे.