इतर ०.४ टक्के

पानाच्या कडेला एक रंगीत पट्टी आहे,
बोटभर लांब.
जांभळा फोर्ट्रान, निळं पायथन,
राखाडी सी, विटकरी रस्ट,
शेलचा हिरवा कोंब,
आणि टोकाला, दिसेल न दिसेल असं,
इतर. ०.४ टक्के.

म्हणतात, बारा कोसांवर भाषा बदलते.
आमच्याकडे दोन फोल्डर ओलांडले की बदलते.
नदी मात्र एकच, एमायोगी,
तार्तू शहराच्या मधून जाणारी.
नावाचा अर्थच आईनदी.
ती उद्या किती चढेल,
एवढंच सांगायचं काम आमचं.

सगळ्यात खाली हेल्दुरचं फोर्ट्रान, सत्त्याऐंशी सालचं.
प्रत्येक ओळीआधी सहा घरं मोकळी,
जणू बूट दारात काढून मगच आत यायचं.
एका ओळीवर त्याची टीप :
"इथे हात लावू नये. कारण मला ठाऊक आहे."
आता ते त्यालाही ठाऊक नाही.
ऐंशी उलटली, बीट लावतो,
मार्च ते मे फोन उचलत नाही.

त्याच्यावर माझं पायथन, सैल, बोलघेवडं,
कुणालाही आधी हो म्हणणारं.
रिगाहून इल्गोनिस सी पाठवतो :
जितकी जागा घेतली तितकी आपणच झाडून परत द्यायची,
आणि तो नेमका झाडायला विसरतो.
योसेपचं रस्ट वेगळंच.
त्याचा कंपायलर उंबऱ्यात उभा :
हे उसनं घेतलंस ना? परत कधी करणार?
उत्तर मिळेतो पाऊल पुढे टाकू देत नाही.
योसेप बावीसचा आहे. त्याला हे आवडतं.

हेल्दुर एकापासून मोजतो, आम्ही शून्यापासून.
मधल्या फटीत एकदा अख्खा दिवस पडला.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
मग नावांच्या क्लबातून लेंबितचा फोन :
"माझं तळघर तुमच्या हिशेबाने मंगळवारी बुडणार होतं.
ते सोमवारीच उरकलं."

त्या उन्हाळ्यात साफसफाई काढली.
योसेप म्हणाला, हे इतर कशाला?
एकसष्ट ओळी, ऑक नावाच्या भाषेत,
लिहिणाऱ्याचं नाव नाही, फक्त वै. कू.
काढून टाकलं.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
चाचण्या आम्ही जुलैत लिहिल्या होत्या.

फेब्रुवारीत नदी गोठली
आणि पडद्यावर भरभरून वाहू लागली,
दोन मीटर, तीन मीटर, पुलाच्या कमानीला टेकली.
मी खिडकीतून पाहिलं.
बर्फावरून एक माणूस कुत्र्याला फिरवत होता.

तीन दिवस शोधलं तेव्हा वैके कूबा सापडली,
म्हणजे तिची वही सापडली;
ती जाऊन नऊ वर्षं झाली.
पाणी मोजायच्या ठाण्यावर नोकरी.
हिवाळाभर काठी घेऊन बर्फावर जायची,
भोक पाडायची, खरं पाणी कुठे आहे ते बघायची.
यंत्राला बर्फ खालून ढकलतो, ते फुगवून सांगतं,
हे तिला माहीत होतं आणि कुणी विचारत नव्हतं.
म्हणून पुस्तक उसनं आणून ती एक भाषा शिकली,
अख्खी भाषा, एकच वाक्य बोलण्यासाठी :
बर्फ असेल तेव्हा यंत्राचं ऐकू नका, वहीचं ऐका.

एकसष्ट ओळी परत ठेवल्या.
योसेपने त्या रस्टमध्ये उतरवून पाहिल्या,
तीन संध्याकाळी. उतरल्याही.
मग स्वतःच पुसल्या, का ते सांगितलं नाही.
फाइलच्या डोक्यावर टीप मात्र लिहिली :
"इथे हात लावू नये. कारण,"
आणि खाली खरंच कारण, अकरा ओळी,
वैकेचं पूर्ण नाव, काठीची लांबी सुद्धा.

पट्टीवर आता ०.५ दिसतं.
हेल्दुरला कळवायचं होतं.
एप्रिल आहे. रिंग जाते नुसती.