किलोवर घेतलेलं इंजिन

पुरानंतर भंगाराच्या आवारात
गाड्या उताण्या पडल्या होत्या.
जिनगोंडानं तराजू लावला :
एकोणीस किलो, ऐंशीचा भाव,
कार्बोरेटर नाही, किक नाही.
"चालंल का?" मी विचारलं.
"चालत असतं तर किलोवर दिलं असतं व्हय?"

मिरजेत दस्तगीरच्या शेडात उघडलं.
क्रँकच्या पोटात कृष्णेचा गाळ, वाळून खडक झालेला,
आणि गाळाखाली एक पिवळा थर.
पहिला मालक मार्केट यार्डात
हळदीचे नमुने पोचवायचा म्हणे.
सहा लिटर डिझेलनं धुतलं, तरी पिवळं निघतच राहिलं
लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या नवरदेवासारखं.

नऊ हजार चारशे. एवढेच.
सनोबरच्या झेरॉक्सच्या पगारातले सहा,
बाकी माझ्या बोनसचे.
दस्तगीरनं कॅलेंडरच्या पाठीवर उभी रेघ मारली :
अलीकडं, जिथं पैसाच लागतो,
पलीकडं, जिथं नुसता हात लागतो.
"बेअरिंग जुनंच राहू दे," म्हणालो मी.
तो पान्याकडं बघत म्हणाला,
"तिथं वाचवलेला रुपया
दहा हजार आरपीएमला जीव मागतो."

मग रेघेपलीकडची कामं.
कुपवाडला, तिसऱ्या पाळीत,
सुपरवायझर चहाला गेला की हेड लेथवर.
पाऊण मिलिमीटर, चार रात्रीत,
कारण त्याचा चहा लहान असतो.

सॅमसन दाताच्या दवाखान्यात कंपाउंडर.
त्यानं बोथट झालेले बर दिले
आणि दहा मिलीची सिरिंज.
बर घेऊन दस्तगीर पोर्टमध्ये शिरला
तो अकरा रात्री तिथंच.
मधूनच दिवा बंद करायचा,
आत करंगळी फिरवून बघायचा, डोळे मिटून.
मी हेडच्या पोकळीत सिरिंजनं तेल सोडलं :
नऊ पूर्णांक सहा.
सनोबरनं दोन कोनमापक जोडून
क्रँकवर चिकटवले, अंश मोजले.
दहावीला भूमितीत तिला छत्तीस होते.

सायलेन्सर हरिबाचा.
तो धान्याच्या कोठ्या करतो,
म्हणून पोट जरा मोठंच झालं.
आवाज ऐकून दस्तगीर म्हणाला, दोन बोटं काप.
कापली.
तसा इंजिनाचा घसा मोकळा झाला.

एकदा जाम झालं, बुधगावच्या पुढं.
ढकलत आणलं, कुणी कुणाशी बोललं नाही.
पिस्टनवर चार ओरखडे.
पॉलिश पेपरनं घासून तोच बसवला.
दुसऱ्या पिस्टनला कॅलेंडरवर जागा नव्हती.

कवलापूरची पडकी धावपट्टी,
दोनशे मीटर चुन्यानं आखलेले.
शेजारच्या पट्ट्यावर पुण्याची गाडी.
तिचा नुसता पाईप
आमच्या सगळ्या कॅलेंडराएवढा.
सनोबर बूटहेल्मेटसकट सत्तेचाळीस किलो.
घोडे विकत घ्यावे लागतात,
वजन नसणं फुकट.

झेंडा पडला.
मी खरं तर काही बघितलं नाही,
दस्तगीरचा हात बघत होतो.
तो मांडीवर गिअर टाकत होता,
दुसरा, तिसरा,
चौथ्याला हात हवेतच थांबला.

अर्ध्या चाकानं हरलो.
पुण्याचा पोरगा स्वतःहून आला, वाकून बघू लागला.
"किती खर्च आला?"
सनोबरनं आकडा सांगितला.
तो हसला, मग हसायचा थांबला.

कॅलेंडरवर चाळीस रुपये उरले होते.
त्याचं भडंग आणलं, बॉनेट नसलेल्या टेम्पोवर टेकून खाल्लं.
तेलकट बोटांनीच दस्तगीरनं प्लग काढला,
फुंकर मारली, उन्हात धरला.
पांढरा नाही, काळाही नाही.
पुराच्या पाण्याचा रंग,
तोच, दारापर्यंत आला होता तो.

आम्ही तिघंही बघत राहिलो.
"जेट बरोबर आहे," दस्तगीर म्हणाला.